विमान पालथं पडलंय, ओळखा पाहू!

बंगळूरच्या शिवाजीनगरात (पुणेकरांनी मान वर करू नये, हे दुसरं) गुजरी भरते. जुन्या गाड्या तिथे सुट्या होतात आणि दाराची नुसती कडी हातात दिली तरी गाडी कुठली ते सांगणारी मंडळी तिथे भेटतात. दुसऱ्या महायुद्धात पडलेलं जर्मन टेहळणी विमान जुन्या फोटोवरून ओळखायचं, तर नजर अशीच लागते. विमानांच्या आकृत्यांची पुस्तकं इथे फारशी कामाला येत नाहीत. पुस्तकातलं विमान ऐटीत उडत असतं आणि फोटोतलं नांगरलेल्या शेतात पालथं, एक पंख गायब, वर चार शिपाई उभे.

सुरुवात पंख्यापासून करावी. धातूची पाती मागे वळलेली असली, तर जमिनीला टेकताना इंजिन बहुधा बंद किंवा मंद होतं. टोकं पुढे वळलेली असली तर इंजिन जोरात चालू होतं. पाती लाकडी असली तर वळत नाहीत, तुटून फक्त खुंट उरतात. म्हणजे विमानाचं नाव कळायच्या आधी त्याचा शेवटचा क्षण थोडाफार कळतो.

मग इंजिन. इथे भलेभले आपटतात. युंकर्स ८८ चं इंजिन पुढून गोल गरगरीत दिसतं, म्हणून लोक बिनधास्त ‘रेडियल’, म्हणजे गोलात मांडलेल्या सिलिंडरचं, म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात बऱ्याच युंकर्स ८८ मध्ये इंजिन सरळ रांगेतल्या सिलिंडरचं आहे आणि पुढची गोलाई निव्वळ रेडिएटरच्या कड्याची. याच विमानाचा ‘डी’ प्रकार खास टेहळणीचा होता, त्यामुळे ही चूक वारंवार होते. कोसळल्यावर ते कडं निखळलेलं असेल, तर काम सोपं होतं.

तीन एच आणि एक गोंधळ

विमानाच्या अंगावर काळा-पांढरा क्रूस असतो. त्याच्या डाव्या बाजूची दोन चिन्हं तुकडीची. उजवीकडचं पहिलं चिन्ह त्या एका विमानाचं आणि शेवटचं तुकडीतल्या पोटतुकडीचं. वाचायला सोपं वाटतं ना? मग हे पाहा. २८ ऑक्टोबर १९३९ ला स्कॉटलंडमधल्या हम्बी गावाजवळ एक हाइंकल १११ स्पिटफायरनी खाली पाडलं. टेहळणीवर आलेलं हे विमान त्या युद्धात ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पाडलेलं पहिलं शत्रूचं विमान. त्याच्यावर लिहिलं होतं ‘१एच+जेए’. इथे ‘१एच’ म्हणजे सव्विसावी बॉम्बर तुकडी. आता रशियाच्या जंगलात पडलेलं एक फोके-वुल्फ १८९ घ्या. त्याच्यावर होतं ‘व्ही७+१एच’. इथे तेच ‘१एच’ क्रूसच्या उजवीकडे आहे आणि ‘एच’चा अर्थ नुसता ‘पहिली पोटतुकडी’. भरीस भर म्हणजे टेहळणी तुकड्यांच्या नावातही कंसात एक ‘एच’ येतो. तो लष्कराच्या दिमतीला असलेल्यांचा, तर लांब पल्ल्याच्या तुकड्यांना कंसात ‘एफ’. तेव्हा अर्धवट फाटलेल्या फोटोत ‘१एच’ एवढंच दिसत असेल, तर पैज लावू नका. आधी क्रूस कुठे आहे ते शोधा.

फोटो उलटा छापला गेला असेल तर? निगेटिव्ह पालथी पडली की विमानाची डावी बाजू उजवी होते. ‘ए’, ‘एच’, ‘व्ही’ ही रोमन अक्षरं आरशातही जशीच्या तशी दिसतात, त्यामुळे चोरी लगेच पकडली जात नाही. आकडे मात्र चुगली करतात. एक विमान असं आहे की त्याच्या बाबतीत उलटा फोटो म्हणजे पंचाईतच: ब्लोम उंड फोस १४१. इंजिन आणि शेपटी एका दांड्यावर, माणसं बसायची काचेची खोली त्याच्या उजव्या बाजूला वेगळीच. फोटोत खोली विमानाच्या डाव्या बाजूला दिसली की समजायचं, फोटोवाल्याने घोळ केला आहे. ही विमानं मोजकीच बनली. लष्कराने पसंती दिली ती फोके-वुल्फ १८९ ला.

रंगांची भानगड वेगळी. त्या काळातल्या अनेक फिल्मना लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल काळा उमटे, पिवळा गडद राखी आणि निळा फिकट. पूर्व आघाडीवरच्या जर्मन विमानांच्या धडाला पिवळा पट्टा असे आणि भूमध्य समुद्राकडच्या विमानांना पांढरा. फोटोत तो पट्टा गडद दिसला म्हणून ‘हे विमान पूर्वेकडचं नाही’ असं ठोकून देणाऱ्यांनी आधी फिल्म कुठली ते विचारावं.

बंगळूरचा माणूस

फोके-वुल्फ १८९ कडे जरा निवांत बघू या, कारण त्याचा एक धागा थेट बंगळूरला येतो. दोन लांब दांडे, मध्ये काचेची खोली, मागे दोन शेपट्या. रशियन सैनिक त्याला ‘चौकट’ म्हणत. पडलेल्या ढिगाऱ्यातही त्याची एक खूण सापडू शकते: पंख्याच्या टोपीवर पुढे बसवलेलं चिमुकलं भिरभिरं. पाती किती तिरकी हवीत ते वाऱ्याच्या जोरावर हे भिरभिरंच ठरवत असे. आरगुस कंपनीच्या पंख्याची ही खासियत. टोपी चेपलेली असली तरी त्या छोट्या पात्यांचे दात दिसले, की अर्धं काम झालं.

‘व्ही७+१एच’ पडलं ४ मे १९४३ ला, हरिकेन विमानांच्या माऱ्यात. पायलट लोथार मोथेस वाचला, दोन साथीदार गेले. बर्फाळ जंगलातून दोन आठवडे तंगडतोड करत तो आपल्या हद्दीत पोचला. सांगाडा मात्र जंगलातच राहिला, तो १९९१ साली सापडला आणि पुढे इंग्लंडला नेला. मोथेस हयात होता. आपलं विमान त्याने म्हातारपणी पुन्हा पाहिलं.

हे विमान घडवणारा कुर्ट टांक. युद्धानंतर तो अर्जेंटिनात गेला, तिथे जेट विमानं केली आणि १९५६ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाला. मूळ कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात उभारलेला, आणि युद्धकाळात तिथे दुरुस्त होत होती अमेरिकन विमानं. म्हणजे ज्या छपराखाली जर्मनीच्या शत्रूची विमानं नीट झाली, तिथेच युद्ध संपल्यावर अकरा वर्षांनी जर्मन डिझायनर येऊन बसला! त्याने आखलेलं एचएफ-२४ ‘मारुत’ १७ जून १९६१ ला उडालं, चालवत होते सुरंजन दास. एक मारुत कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयासमोर उभं आहे. शिवाजीनगरहून रिक्षा करा.

परत फोटोकडे. टेहळणी विमान होतं हे कशावरून? पोटाखाली काचेच्या चौकोनी खिडक्या बघा. कॅमेरे भलेमोठे असत. ‘आरबी ५०/३०’ या कॅमेऱ्याच्या नावातच मापं आहेत: भिंगाचं केंद्रांतर ५० सेंटिमीटर, निगेटिव्ह ३० बाय ३० सेंटिमीटर. शेपटीवर कापलेलं चौकोनी भोक दिसलं तर ते गोळीचं समजू नका. स्वस्तिकाचा तुकडा आठवण म्हणून कापून नेणारे शिपाई दोन्हीकडे होते. एकाच विमानाचे चार फोटो मिळाले तर कुठला आधीचा ते यावरूनच लावता येतं, कारण विमान दिवसेंदिवस कमी होत जातं. फोटोमागचं लिखाण मात्र सगळ्यात शेवटी वाचावं. अल्बम विकणारे मागे वाट्टेल ते लिहितात.

आणि आपल्या किनाऱ्याचं काय? दुसऱ्या नाही, पहिल्या महायुद्धात ‘वोल्फ’ नावाच्या जर्मन जहाजाने १९१७ साली मुंबईसमोर सुरुंग पेरले. ‘मंगोलिया’ ही बोट २३ जूनला त्यातल्याच एकाने बुडाली. वोल्फवर एक छोटं टेहळणी विमान होतं, फ्रीडरिशहाफेन ३३, लाडाचं नाव ‘व्योल्फशेन’. पाण्यावर उतरणारं, म्हणून फोटोत चाकांच्या जागी दोन होडीसारखे तरंगे. नको तेव्हा सुटं करून ठेवत, हवं तेव्हा जोडत. त्याच वर्षी जूनमध्ये प्रशांत महासागरात त्याने ‘वायरूना’ या मालवाहू बोटीवर आधी चिठ्ठीची पिशवी टाकली आणि मग नाकासमोर एक बॉम्ब. बोट थांबली.