लातूरची गाडी

लातूर हे बसने घडवलेले शहर आहे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या आडत बाजारात हरभरा-तूर घेऊन येणारा शेतकरी, कापडखरेदीला आलेले लग्नघर, शिकवणीला आलेले पोर हे सारे वर्षानुवर्षे एसटीतून उतरले. इथून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी जे गेले, त्यांतले बहुतेक बसनेच गेले. रेल्वे नव्हती असे नाही. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्येच लातूरला पोचली होती. पण तिचा वेग आणि तिची वाट दोन्ही घाईच्या माणसाच्या कामाची नव्हती. लातूर ब्रॉडगेजने कुर्डुवाडीला जोडले गेले ते २००८ मध्ये. मुंबईची एक्स्प्रेस मिळाली, पण २०१७ मध्ये ती आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली तेव्हा शहर रस्त्यावर उतरले. एका गाडीतल्या जागांसाठी एवढी ओढाताण होत असेल, तर उरलेली माणसे कशाने जात असतील हे वेगळे सांगायला नको.

एसटीचा इतिहास दर १ जूनला सांगितला जातो. १९४८ साली त्या दिवशी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ही गोष्ट खरी आणि अभिमानाची आहे. पण त्या दिवशी लातूर मुंबई राज्यात नव्हते, निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्येच २७ गाड्या घेऊन रस्ता वाहतूक विभाग सुरू केला होता. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये त्याची परिवहन सेवा आजच्या महामंडळात विलीन झाली. एसटीच्या वाढदिवसाच्या भाषणांत हा धागा सहसा येत नाही. तो यायला हवा.

लातूर पॅटर्नवर पुष्कळ लिहून झाले आहे. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या, मग वैद्यकीय प्रवेशाचे निकाल, शिक्षकांची मेहनत हे सगळे आलेच. त्या यशात एसटीचा वाटा किती, हे मात्र फारसे कुणी मांडलेले नाही. सकाळी बसस्थानकात तासभर उभे राहिले की तो दिसतो. औशाकडून, निलंग्याकडून, अहमदपूरकडून मुक्कामी गाड्या येतात. आदल्या रात्री गावात थांबलेली गाडी पहाटे तिथूनच निघते. चालक-वाहक गावच्या समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपलेले असतात. गाडी फलाटाला लागली की चालकाच्या केबिनजवळ पोरांचा घोळका जमतो. इंजिनाच्या झाकणावर, पायऱ्यांपाशी कापडी पिशव्या रचलेल्या असतात. पिशवीत स्टीलचा डबा आणि डब्यावर रंगाने किंवा नेलपॉलिशने लिहिलेले नाव. तेल गळू नये म्हणून झाकणाला फडके बांधलेले. आत ज्वारीच्या भाकरी, एखादी पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी. गावात आईने वाहकाला एवढेच म्हटलेले असते, "दादा, लेकराला तेवढा डबा पोचवा." लेकरू आपला डबा ओळखून उचलते, कालचा रिकामा डबा तिथेच ठेवते आणि क्लासला पळते. खोलीचे भाडे आणि क्लासची फी भरून मेटाकुटीला आलेल्या घरांना खाणावळीचा खर्च या डब्याने वाचवला. गुणवंतांच्या सत्काराच्या मंचावर एखाद्या वाहकालाही बसवावे, असे मला मनापासून वाटते.

पुढे हीच पोरे पुण्याला जातात आणि मग खरा लांबचा प्रवास सुरू होतो. मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, हडपसर ही ओळ लातूरच्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचे हे अंतर रात्रीतून कापायचे. एकेकाळी त्यासाठी एसटीची रातराणी होती आणि १९८२ च्या एशियाड स्पर्धांनंतर तेच नाव घेऊन आलेली निमआराम गाडी होती. आज ही रात्र बहुतांशी ट्रॅव्हल्सच्या हाती गेली आहे. झोपायला बर्थ, मोबाईलवर तिकीट, घराजवळच्या चौकात थांबा हे सगळे त्यांनी दिले, एसटीने वेळेवर दिले नाही. लोक तिकडे वळले यात त्यांचा दोष नाही.

प्रश्न दिवाळीत पडतो. एरवी ज्या भाड्यात माणूस जाऊन येतो, तेवढे एका फेरीचे मागितले जाते. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेऊ नये, हा शासननिर्णय एप्रिल २०१८ चा आहे. सणाच्या तोंडावर परिवहन विभाग त्याची आठवण करून देतो, तक्रारीसाठी क्रमांक जाहीर करतो. तरीही पुण्यात एकटी राहणारी मुलगी धनत्रयोदशीच्या रात्री ॲपवरचा आकडा पाहते आणि मुकाट्याने पैसे भरते. तिला घरी जायचे असते.

पैशांपेक्षा मोठा मुद्दा जिवाचा आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ माणसे गेली. स्लीपर गाडीत दोन मजली बर्थ, मधली चिंचोळी वाट, बंद काचा. झोपेतल्या माणसाला बाहेर पडायला किती सेकंद मिळतात, याचा विचार तिकीट काढताना आपण करत नाही. एसटीची बाजूही निर्धास्त नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला. दिवे, रखवालदार, स्वच्छ स्वच्छतागृह या गोष्टी रात्री प्रवास करणाऱ्या बाईसाठी चैन नाहीत. मध्यरात्री गाडी ढाब्यावर थांबते तेव्हा कितीतरी बायका खालीच उतरत नाहीत. त्यांनी संध्याकाळपासून पाणी प्यायलेले नसते.

एसटीचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. करोना, मग ऑक्टोबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेला संप, आणि या काळात अठरा हजारांच्या घरातून पंधरा हजारांच्या आसपास आलेला ताफा. दुसरीकडे ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास. या दोन निर्णयांनी गाड्या पुन्हा भरल्या. माहेरी वर्षातून एकदा जाणारी बाई आता दवाखान्याला, बाजाराला, लेकीकडे एकटी जाते. सवलतीला फुकटेगिरी म्हणणाऱ्यांनी लातूरहून उदगीरला जाणाऱ्या गाडीत एकदा उभ्याने प्रवास करावा. सवलत योग्यच आहे. चूक आहे ती गाड्या न वाढवण्यात. २०२५ च्या जानेवारीत भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा त्या पैशांत प्रवाशाला बसायला जागा तरी मिळावी.

लहान शहराला विमानतळाची स्वप्ने दाखवणे सोपे असते. लातूरला आज हवी आहे ती पुण्यासाठी रोज रात्री ठरल्या वेळी सुटणारी, मोबाईलवर आरक्षण होणारी, नीट शयनबर्थ असलेली एसटीची रातराणी, आणि ती जिथे थांबेल तिथे बाईला निर्धास्त वापरता येईल असे स्वच्छतागृह. सकाळच्या मुक्कामी गाड्या तर एकही कमी होता कामा नये. त्या बंद पडल्या, तर डब्यावरची पोरे शिकायची थांबतील.

या दिवाळीत गावी जाताना दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेतले गेले, तर तिकीट जपून ठेवा आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी तक्रार करा. आणि आगारात जाऊन जादा गाडीची मागणी करा, तीही लेखीच.