गाढवांच्या शर्यती व बक्षिसें

गाढवास बक्षीस देण्याची गोष्ट ऐकून वाचकांस हसूं येईल. परंतु अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत ही प्रथा जुनी आहे. तेथील पहिली शर्यत १९४९ सालीं लेडव्हिल व फेअरप्ले या खाणींच्या गांवांदरम्यान झाली. आज तिचे नियम गाढववाल्यांची ‘वेस्टर्न पॅक बरो असोसिएशन’ ही संस्था ठरविते.

गाढवाच्या पाठीवर कुदळ, फावडें व सोनें धुण्याचें घमेलें धरून निदान ३३ पौंड ओझें असतें. मालकानें स्वार व्हावयाचें नाहीं; १५ फुटी दोर धरून बरोबर धांवावयाचें. चाबूक, काठी, टोचणी वर्ज्य. अर्थात् ज्याच्यावर जनावराचा विश्वास, त्यासच यश येतें.

आपल्या देशांत २०१२ च्या पशुगणनेंत गाढवें सुमारें ३ लक्ष २० सहस्र होतीं. २०१९ सालीं तीं १ लक्ष २० सहस्रांवर आलीं. जेजुरीस पौषी पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. तेथें वेगास नव्हे, तर निकोप खूर, व्रणरहित पाठ व शांत स्वभाव यांस बक्षिसें ठेवावीं, असें आम्हांस वाटतें. खर्च थोडा लागेल. पण कुंभार-वडार बांधवांच्या या मुक्या सोबत्याची निगा वाढेल.