चालू आहे, पण चालत राहील का?

संगणक कक्षातील नवे दहा संगणक शुक्रवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत सलग चालू का ठेवले, अशी विचारणा काही पालकांनी आमच्याकडे केली. विजेचे बिल शाळेच्या निधीतून भरले जाते, तेव्हा प्रश्न रास्त आहे. हिशेब आधी देतो: दहा संगणक, प्रत्येकी सुमारे 100 वॅट, 60 तास; म्हणजे 60 युनिट.

घरी नवा माठ आणताना आपण तो बोटाने वाजवून घेतो. पण वाजवून जे कळत नाही ते रात्रभर पाणी भरून ठेवल्यावर कळते. सकाळी खाली दिसणारी ओल साध्या पाझराची की तड्याची, हे आजी बरोबर ओळखते. यंत्रांच्या अशा परीक्षेला 'सोक टेस्ट' म्हणतात. सोक म्हणजे भिजत ठेवणे. वस्तू सुरू होते की नाही हे पाहणे वेगळे आणि नेहमीच्या कामाचा भार देऊन ती दिवसेंदिवस तशीच चालते का हे पाहणे वेगळे.

काँक्रीटच्या पाण्याच्या टाक्यांसाठी भारतीय मानक 3370 मध्ये हेच आहे. टाकी भरायची, सात दिवस काँक्रीटला पाणी शोषू द्यायचे आणि मग पुढचे सात दिवस बाहेरून ओल दिसते का ते पाहायचे. (कंत्राटदाराला दुसऱ्याच दिवशी सही हवी असते, हे विश्वस्त मंडळाला आम्ही सांगायला नको!)

ही परीक्षा न झाल्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण विद्यार्थ्यांनी वही-पेन घेऊन वाचावे. 25 फेब्रुवारी 1991 रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र सैनिकांच्या बराकीवर पडले आणि 28 अमेरिकी सैनिक ठार झाले. ते आकाशातच पाडण्यासाठी ठेवलेली 'पॅट्रियट' यंत्रणा चालू होती, पण तिने मारा केलाच नाही. ती 100 तासांहून अधिक काळ सलग चालू होती, आणि दोष नेमका तिथेच होता.

तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे. दशमान पद्धतीत 1/3 लिहायला गेलो तर 0.333... असे संपतच नाही. तसेच संगणकाच्या द्विमान पद्धतीत 1/10 संपत नाही. 24 अंकांपुढचा भाग तोडून टाकलेला होता. त्यामुळे प्रत्येक दशांशाला साधारण 0.000000095 सेकंदाची चूक होई. 100 तासांत असे दशांश किती? 36 लाख. गुणाकार करा: 0.34 सेकंद येतात. स्कडचा वेग सेकंदाला सुमारे 1.7 किलोमीटर. म्हणजे रडार अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर चुकून, रिकाम्या जागी, क्षेपणास्त्र शोधत होते.

मूळ कल्पनेत ही यंत्रणा एका जागी काही तासच चालणार होती, आणि तेवढ्या वेळात ही चूक नगण्य राहते. इस्रायलने 11 फेब्रुवारीलाच आठ तासांनंतरचा फरक कळवला होता. 'फार वेळ' सलग चालवू नका, असा इशाराही गेला; फार वेळ म्हणजे किती, हे मात्र कोणी लिहिले नाही. एकदा बंद करून पुन्हा सुरू केले असते तरी घड्याळ शून्यावर आले असते. सुधारित प्रोग्रॅम धहरानला पोहोचला 26 फेब्रुवारीला.

आपल्या संगणकांत शोधायचे ते साधेच होते. पंखा थकून आतली उष्णता वाढते का? एखादा प्रोग्रॅम स्मरणशक्तीची जागा घेतो आणि परत करत नाही, असे होते का? रोज ग्रंथालयातून पुस्तक नेऊन एकही परत न करणारा वाचक डोळ्यांपुढे आणा. पहिल्या दिवशी कपाट भरलेलेच दिसते.

नऊ संगणक उत्तीर्ण झाले. सात क्रमांकाचा रविवारी पहाटे तापून आपोआप बंद पडला. सोमवारी मात्र बटण दाबताच निमूटपणे सुरू झाला. विक्रेत्याला नोंदी दाखवल्या आहेत आणि तो बदलून मिळेपर्यंत त्याची रक्कम कार्यालयाने रोखली आहे. बदली संगणक आला की त्यालाही एक शनिवार-रविवार चालू ठेवू. त्याची सहा युनिटे लागतील.