फोनवर आलेली नोकरी

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवणी नुकतीच आटोपली होती. आमच्या साक्षरता वर्गातल्या एक बाई मुलाचा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हे मी वाचलं जी. पण खरं आहे का, ते नाही समजलं."

मला बरे वाटले. वर्षापूर्वी या बाई अंगठा उठवीत होत्या.

फोनवर लिहिले होते, 'कोळसा खाणीत भरती. परीक्षा नाही. पगार ३५,००० रुपये. आजच १,८५० रुपये भरा.' वर कंपनीचे चिन्ह, खाली शिक्का. मुलगा आयटीआय झालेला. पैसे भरायला निघालाच होता. बाईंनी फोन काढून घेतला.

मी विचारले, "हे कोणी पाठवले?"

"माझ्या भाच्यानं."

भाच्याला फोन लावला. त्याला मित्राने पाठवले होते. मित्राला कुठल्याशा गटात मिळाले. त्याच्या पुढे माग लागेना. निरोप भाच्याच्या नावाने आला खरा, पण भाच्याला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. पूर्वी गावात दवंडी पिटली, तर पिटणारा कोतवाल सगळ्यांच्या ओळखीचा असे. फोनवरच्या दवंडीला कोतवालच नाही.

आपल्या भागात असे निरोप लवकर पटतात. राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणी आहेत. बल्लारपूरला कागदाचा कारखाना आहे. वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीकडे गेले, की कोनसरीला लोखंडाचा कारखाना आहे. कामे खरोखरच आहेत, म्हणून खोटे त्यात मिसळून जाते. आपल्या नावाने खोट्या भरत्या निघतात, सावध राहा, असे कोल इंडिया कंपनीनेच लोकांना कळवले आहे.

मग खरी भरती कशी असते? २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या. अर्ज आले दहा लाखांच्या वर. फी तिथेही होती. १,००० रुपये, आणि राखीव वर्गाला ९००. पण ती परीक्षेला बसण्याची फी. अर्जासोबत सरकारी संकेतस्थळावरच भरायची. एखाद्या माणसाच्या खात्यावर पैसे टाका आणि नोकरी पक्की समजा, असे कोणी म्हणाले, तर तो लबाड आहे. भरती निघाली की नाही, ते त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे. ते जमत नसेल, तर चंद्रपूरला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. नाव एका दमात म्हणवत नाही, पण तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

आधार कार्डाचा फोटो आणि फोनवर येणारा ओटीपी अनोळखी माणसाला देऊ नका. पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. लवकर कळवले, तर पैसे बँकेतच अडवता येतात.

फसवणूक पैशावरच थांबते असेही नाही. थायलंडमध्ये मोठ्या पगाराची नोकरी आहे, असे सांगून काही तरुणांना फोनवरूनच गाठले. प्रत्यक्षात त्यांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले, आणि लोकांना फोनवरून फसवण्याचे काम करायला लावले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी अशा साठ भारतीयांना सोडवून आणले.

म्हणून फोन टाकून द्यायचा का? मुळीच नाही. फोनवर माणसे शोधा. धान कापून झाले, की आपल्याकडच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. शहाणी बाई काय करते? नेणाऱ्या मुकादमाला विचारीत बसत नाही. मागल्या साली जाऊन आलेलीला विचारते. किलोमागे काय मिळाले? काटा बरोबर होता का? राहायला जागा कशी होती? फोनवरही हेच विचारायचे.

आणि विचारायचे कोणाला? आपण सोयऱ्याकडेच धावतो. अमेरिकेत ग्रॅनोव्हेटर नावाच्या विद्वानाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारले, की तो ओळखीचा माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे? १९७३ साली त्याने उत्तरे छापली. शंभरात सतरा म्हणाले, वरचेवर. छप्पन म्हणाले, अधूनमधून. अठ्ठावीस म्हणाले, क्वचितच. ते शहर वेगळे, लोक वेगळे. पण कारण आपल्यालाही लागू पडते. घरच्यांना ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी दूरच्या ओळखीकडे असते. जुना वर्गमित्र, ट्रकवरचा ड्रायव्हर, जावयाचा शेजारी.

मी त्या मुलाला बसवून घेतले. त्याचा एक वर्गमित्र राजुऱ्याला कामावर आहे, चार वर्षे बोलणे नव्हते. मुलाने लिहिले, 'काहीही काम असेल तर सांग.' मी म्हटले, असे लिहिले तर कोणी ध्यानात ठेवीत नाही. मग त्याने पुन्हा लिहिले. 'भाऊ, मी वेल्डर झालो. दोन वर्षे गावच्या दुकानात काम केले. तुझ्याकडे वेल्डर कधी घेतात, कोणाला भेटावे लागते?'

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. 'आता जागा नाही. दिवाळीनंतर ठेकेदार माणसे घेतो. त्याला पैसे द्यावे लागत नाहीत. कागद घेऊन ये.'

बाईंनी ते उत्तर स्वतः वाचले. मग कॅलेंडरवर, दिवाळीच्या पानावर, पेन्सिलीने लिहून ठेवले, 'राजुरा'.