ओटी घेतली का?

मुळशी तालुक्यातल्या टेमघर धरणाचं पाणी मुठा नदीतून उतरत खडकवासल्याला जातं. त्याच खडकवासल्याच्या खालच्या अंगाला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये धडधाकट माणसांच्या पायांतलं बळ जाऊ लागलं. अनेकांना आधी जुलाब झाले होते. मग काही दिवसांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. आजाराचं नाव गुलेन बॅरी सिंड्रोम, लोकांच्या तोंडी 'जीबीएस'. रुग्णांचा आकडा दोनशेच्या आसपास पोचला.

जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो त्याच्या आधीचा जंतू. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू सापडला. त्याच्या बाहेरच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूला मारायला प्रतिपिंडं तयार करतं आणि क्वचित ती प्रतिपिंडं स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. या जंतूची बाधा झालेल्या साधारण हजारात एखाद्यालाच असं होतं. म्हणजे एका भागात जीबीएसचे इतके रुग्ण दिसतात, तेव्हा त्यांच्यामागे नुसत्या जुलाबावर निभावलेली कितीतरी माणसं असणार. जुलाबाची साथ वेळीच ओळखणं म्हणूनच एवढं मोलाचं.

२००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्याने नाकाला रुमाल बांधला, २०२० मध्ये मास्क लावला. ते बरोबरच होतं, कारण ते रोग श्वासावाटे येत होते. या वेळी वाट तोंडाची होती. घाबरलेल्या लोकांनी जारचं पाणी मागवलं. पण महापालिकेने त्या भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं, तेव्हा त्यातलंही काही पिण्यास अयोग्य निघालं. स्वच्छ दिसणं आणि शुद्ध असणं यांतलं अंतर डोळ्यांना मोजता येत नाही.

मोजायचं साधन मात्र मुळशीच्या गावागावांत आहे. पंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. काचेच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब. पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आणि साथ असेल तर ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा लागतो. हा उरलेला क्लोरिनच महत्त्वाचा, कारण फुटक्या पाइपातून वाटेत शिरलेल्या घाणीशी तोच लढतो.

ताम्हिणीच्या परिसरातल्या गावांत हे काम पावसाळ्यात फार अवघड होतं. गढूळ पाण्यातला गाळच क्लोरिन खाऊन टाकतो. त्यातच उघड्या पोत्यातली टीसीएल दमट हवेत जोर गमावते. नेहमीच्या मापाने पावडर टाकूनही नळी कोरी राहू शकते. त्यामुळे 'पावडर टाकली' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ग्रामपंचायतीला मिळालेल्या हिरव्या कार्डावरही विसंबू नये. ते कार्ड स्रोताच्या पाहणीनंतर मिळतं, आज सकाळच्या पाण्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

सूस, म्हाळुंगे ही मुळशीतली गावं २०२१ मध्ये महापालिकेत गेली. नांदेड, किरकटवाडीही त्याच वेळी गेली. हद्द एका दिवसात बदलते, जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रं यायला वर्षं लागतात. या मधल्या काळात माणसं सगळ्यांत उघडी पडतात, असं मला ठामपणे वाटतं. पिरंगुट, भूगाव, माणच्या नव्या सोसायट्यांत तर टँकर हाच नळ. त्या टँकरच्या पाण्याचीही ओटी घ्यायला हवी आणि ती घेण्याचा आग्रह रहिवाशांनीच धरायला हवा.

घरात पाणी उकळून प्या. ते जमत नसेल तर मेडिक्लोर या क्लोरिनच्या द्रावणाचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. त्याआधी पाणी पिऊ नका. चिकन पूर्ण शिजवा, कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांनी जंतू कोथिंबिरीपर्यंत पोचतात. जुलाबानंतर पायांत अशक्तपणा वाटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि उद्या पाणी सुटेल तेव्हा जलसुरक्षकाला विचारा, "आज ओटी घेतली का?" नळी डोळ्यांनी बघितल्याशिवाय परत फिरू नका.