कार्डांचा हिशेब (भाग नववा): लाउंजच्या दारातले दोन रुपये

विमानतळावरच्या लाउंजच्या दारात कार्ड घासले की मोबाइलवर दोन रुपये वजा झाल्याचा संदेश येतो. ही रक्कम कधी खात्यात परत येते, कधी येत नाही, आणि ती मागायला सहसा कोणी जात नाही. गेल्या आठवड्यातील वार्षिक शुल्काचा हिशेब वाचून एका वाचकाने विचारले आहे की लाउंज फुकट असेल तर हे दोन रुपये कशाचे, आणि फुकट नसेल तर दोन रुपयांत पोटभर जेवू कोण घालते? परकीय चलनावरील अधिभाराचा ठरलेला भाग त्यापायी एक आठवडा पुढे गेला आहे.

दोन रुपयांचा व्यवहार ही कार्ड तपासण्याची एक युक्ती आहे. कार्डाचे पहिले काही आकडे ते कोणत्या बँकेचे आणि कोणत्या प्रकारचे हे सांगतात. पूर्वी त्यासाठी सहा आकडे लागत, आता आठ लागतात. बँकवाले त्यांना ‘बिन’ म्हणतात. लाउंजवाल्याकडे पात्र कार्डांच्या बिनची यादी असते, तेव्हा कार्ड सोन्याच्या रंगाचे की काळ्या, याच्याशी दारावरच्या माणसाला काही कर्तव्य नसते. मात्र कार्ड पात्र प्रकारचे आहे एवढ्यावर भागत नाही. ते आज चालू आहे का, बँकेने गोठवलेले तर नाही ना, हातात धरणाऱ्याचेच आहे का, हे बँकेलाच विचारावे लागते. बँकेला विचारण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे व्यवहार, आणि व्यवहाराला काहीतरी रक्कम लागते. म्हणून दोन रुपये. पिन घातला, बँकेने होकार दिला, की माणूस आत. त्याच क्षणी या तिमाहीतला एक प्रवेश वापरला गेल्याची नोंदही होते.

खरी रक्कम प्रवासी आत गेल्यावर फिरू लागते. प्रत्येक प्रवेशामागे ठरलेले पैसे कार्ड देणारी बँक मोजते. काही योजनांत व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळेही ते मोजते. पैसे लाउंज चालवणाऱ्यापर्यंत बहुधा मध्यस्थामार्फत पोचतात. देशभरातल्या लाउंजशी वेगवेगळे करार करत बसण्यापेक्षा बँकेला एकाच कंपनीशी बोलणे सोपे जाते, आणि लाउंजवाल्यालाही अनेक बँकांच्या मागे वसुलीला फिरावे लागत नाही. भारतात ही जागा अनेक वर्षे ड्रीमफोक्स या कंपनीने जवळजवळ एकटीने व्यापली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने ३२६ रुपये भावाने समभाग विक्रीस काढले, तेव्हा देशी कार्डांवरच्या लाउंज प्रवेशांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक आपल्यामार्फत होतात, असे तिने माहितीपत्रकात म्हटले होते.

सारी वाहतूक एका पुलावरून जाऊ लागली की त्या पुलाचे काय होते, हे लौकरच दिसले. २२ सप्टेंबर २०२४ रोजी अनेक विमानतळांवर या मध्यस्थामार्फत येणारी कार्डे दारातच नाकारली गेली. बँकेच्या ॲपवर प्रवेश शिल्लक, कार्ड चालू, बोर्डिंग पास हातात, आणि तरी आत जाता येईना. पुढे बँका आणि लाउंजवाले थेट करारांकडे वळले. जुलै २०२५ मध्ये दोन मोठ्या खासगी बँकांच्या योजना कंपनीच्या हातून गेल्या आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरपासून तिने देशांतर्गत लाउंजची सेवाच थांबवली. कार्डधारकाच्या दृष्टीने यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की कार्डावरचा लाउंज प्रवेश हा बँकेने पाळायचा शब्द नसून तिसऱ्या-चौथ्याच्या करारावर टांगलेली सवलत आहे. ‘जागा असल्यास’ हे दोन शब्द नियमावलीत कुठेतरी असतातच.

जागा नसते, याचे कारण आकड्यांत आहे. लाउंज मुळात गर्दीसाठी निघालेच नव्हते. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला तेव्हा तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. विमान कंपनीला ज्यांची मर्जी राखायची त्यांची ती बैठकीची खोली होती. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘प्रायॉरिटी पास’ने ही खोली कोणत्याही कंपनीच्या प्रवाशाला सभासदत्वावर खुली केली. भारतात तेच काम बँकांनी केले, आणि फारच सढळ हाताने केले. २०१४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या ६.७ कोटींच्या घरात होती, ती २०२४ मध्ये १६ कोटींवर गेली. क्रेडिट कार्डे मार्च २०१७ मध्ये सुमारे तीन कोटी होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. डेबिट कार्डांवरचे प्रवेश वेगळेच. खोल्या मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान मोठ्या विमानतळांवर लाउंजबाहेरची रांग सुरक्षा तपासणीच्या रांगेशी स्पर्धा करते. आत जागा मिळालीच तर कोणाच्या तरी उष्ट्या बशीसमोर, आणि चार्जिंगचा खटका दुसऱ्याच कोणीतरी अडवलेला.

लाउंजचा मोह कुठवर नेतो, याचा एक नमुना सिंगापूरच्या न्यायालयात नोंदला गेला आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका मलेशियन तरुणाचे क्वालालंपूरचे विमान चुकले. घरी जाण्याऐवजी त्याने लॅपटॉपवर बोर्डिंग पासची चित्रे जुळवून बनावट पास तयार केले आणि चांगी विमानतळावरच्या एकामागून एक लाउंजमध्ये तो १८ दिवस खात, पीत, अंघोळ करत राहिला. त्याला दोन आठवड्यांची कैद झाली. म्हणजे मुक्काम तुरुंगापेक्षा लाउंजमध्येच जास्त घडला. त्या दारांवर बोर्डिंग पासच पाहिला जात होता. दोन रुपयांची युक्ती असती तर हा पाहुणचार इतका लांबला नसता.

भारतातल्या बँकांनी गर्दीचा वेगळाच बंदोबस्त केला. २०२३ च्या अखेरीपासून ‘खर्च करा, मग या’ ही अट रुळली. एका मोठ्या खासगी बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून आपल्या काही लोकप्रिय कार्डांवर तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. दुसरीने १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपयांची अट आणली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ७५,०००वर नेली. हे आकडे वाटेल तसे निवडलेले वाटतात, पण त्यांमागे हिशेब आहे. दुकानात कार्ड घासले की दुकानदाराकडून जे शुल्क कापले जाते त्याचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. तो दीड टक्का धरला तर ३५,००० रुपयांच्या खर्चावर बँकेच्या हाती ५२५ रुपये येतात आणि ७५,०००वर १,१२५. यातूनच गुण, विमा, कार्डाची देखभाल सारे भागवायचे. लाउंजचा एक प्रवेश काही शे रुपयांना पडत असेल, तर ३५,००० खर्चणारा ग्राहक दोनदा आत जाऊन आला की बँकेच्या खिशातून जाऊ लागते. अट दुपटीने वाढली ती तिथे.

आता ग्राहकाची बाजू. लाउंजच्या जाहिरातीत हमखास एक गुणाकार असतो. दारात रोख पैसे देऊन जायचे तर दीड हजार पडतात, वर्षाला आठ प्रवेश मिळतात, म्हणजे बारा हजारांची बचत. हा गुणाकार खोटा आहे. ज्याने विमानतळावर नाष्ट्यासाठी दीड हजार मोजलेच नसते त्याचे दीड हजार वाचत नाहीत. एरवी तो प्रवासी जे खाल्ल्यावाचून राहिला नसता त्याचे पैसे वाचतात, म्हणजे एक चहा, एक सँडविच, पाण्याची एक बाटली, फार तर चारेकशे रुपये. तेही घरून पोहे खाऊन निघालेल्याचे वाचत नाहीत. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्याचे तर मुळीच नाहीत, कारण त्याचा चहा तसाही कंपनीच्या बिलात जातो. डिसेंबर २०२४ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने कोलकात्यात ‘उडान यात्री कॅफे’ सुरू केला आणि नंतर पुण्यातही तो आला. तिथे चहा दहा रुपयांना आणि समोसा वीस रुपयांना मिळतो. त्या काउंटरशेजारी उभे राहिले की लाउंजच्या प्रवेशाची किंमत आपोआप उतरते.

पुण्यातले चौघांचे कुटुंब घ्या. नवऱ्याकडे २,५०० रुपये वार्षिक शुल्काचे कार्ड आहे, १८ टक्के कर धरून २,९५०. दर तिमाहीला दोन प्रवेश, म्हणजे कागदावर वर्षाला आठ. कुटुंब मे महिन्याच्या सुटीत एकदा दिल्लीला जाऊन येते. जाणे-येणे एकाच तिमाहीत पडते, तेव्हा दोन प्रवेश वापरले जातात आणि उरलेले सहा तिमाहीगणिक बाद होतात, कारण न वापरलेला प्रवेश पुढे ओढता येत नाही. शिवाय ते दोन प्रवेश एकट्या नवऱ्याचे. बायको आणि दोन मुले बाहेर. काही कार्डांवर जोडकार्डाला स्वतंत्र प्रवेश असतात, काहींवर मुख्य कार्डाच्याच कोट्यातून जातात. पाहुण्याचे पैसे तर रोखच लागतात. मग एकतर बाबा आत एकटेच इडली खातात, नाहीतर तिघांचे पैसे भरून सगळे आत जातात आणि फुकट लाउंजचे बिल बाहेरच्या उपाहारगृहाच्या वर जाते. चारशे रुपयांच्या दोन नाष्ट्यांसाठी २,९५० रुपये, हा या घराचा वर्षाचा सौदा.

महिन्यातून दोनदा स्वखर्चाने पुणे-दिल्ली करणारा व्यावसायिक आठही प्रवेश वापरील. चारशेच्या दराने त्याचे ३,२०० रुपये वाचले, शुल्क गेले २,९५०. अडीचशे रुपये नफा. इतका प्रवास करूनही निव्वळ खाण्यापिण्यात एवढेच सुटते. वार्षिक शुल्क खर्चाच्या अटीवर माफ होत असेल तरच चित्र बरे दिसते, आणि तिथे दुसरा छुपा खर्च लागतो. तिमाहीचे ७५,००० रुपये सरळ दोन टक्के परतावा देणाऱ्या साध्या कार्डावर खर्चले तर १,५०० रुपये हाती येतात. लाउंजवाल्या कार्डाचे गुण बहुधा अर्ध्या ते एक टक्क्याच्या मोलाचे असतात. फरक ७५० ते १,१२५ रुपयांचा. तोच लाउंजच्या दोन प्रवेशांचा खरा दर, फक्त तो बिलावर छापलेला नसतो. अट गाठण्यासाठी गरज नसलेली खरेदी केली तर बोलायलाच नको. आणि ७५,००० थकवून एक महिना व्याज भरावे लागले, तर दरमहा ३.७५ टक्के दराने २,८१२ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के कर मिळून ३,३०० रुपयांच्या पुढे आकडा जातो. बँकांना लाउंज परवडते त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे. वेळेवर बिल भरणाऱ्याच्या ताटातली बिर्याणी बऱ्याच अंशी थकबाकीदाराच्या व्याजातून येते.

तरीही लाउंज सर्वस्वी निरर्थक नाही. त्याची खरी किंमत खाण्यात नसून वाट पाहण्यात आहे. मुंबईहून युरोप-आखाताकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. नाशिक-कोल्हापूरकडून टॅक्सीने येणारा प्रवासी रस्त्याची खात्री नसल्याने चार-पाच तास आधी पोचतो. त्याला पाठ टेकायला खुर्ची, स्वच्छ स्वच्छतागृह, गरम वरण-भात आणि मोबाइल भारून घ्यायला खटका मिळाला तर त्याचे मोल चारशेपेक्षा खचित जास्त आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुके पडले की तसेच. मात्र तिथेही एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, त्याहून लांब पाच तासांपर्यंतच्या उड्डाणाला तीन तास आणि इतरांना चार तास वा अधिक उशीर होणार असेल, तर खाण्यापिण्याची सोय विमान कंपनीने करायची असते. त्या वेळी कार्डावरचा प्रवेश खर्ची घालण्याआधी कंपनीच्या काउंटरवर विचारणे शहाणपणाचे.

परदेशात खेळ आणखी बदलतो. तिथे बँकेचे कार्ड बहुधा दारात चालत नाही, बँकेने दिलेले प्रायॉरिटी पासचे वेगळे कार्ड लागते. ते अनेकांकडे नसतेच, कारण बहुधा अर्ज केल्याशिवाय ते येत नाही. दुबई-दोह्यात सहा-सात तास अडकणाऱ्याला ते खरोखर उपयोगी. पण काही भारतीय कार्डांबरोबर मिळणाऱ्या प्रायॉरिटी पासवर फुकट प्रवेश फक्त परदेशी लाउंजमध्ये असतात आणि तेच कार्ड मुंबईत दाखवले तर प्रवेशाचे पैसे लागतात. हा दर बराच काळ २७ डॉलर आणि वर कर असा होता. दारात काहीच मागितले जात नाही, प्रवासी खुशीत आत जाऊन येतो, आणि महिन्याभराने बिलात दोन-अडीच हजारांची ओळ उगवते. तेव्हा मुंबईच्या दारात बँकेचे मूळ कार्डच पुढे करावे. तिथे दोन रुपयेच जातात.