भिंतींना लागणारा लोणा

पुणें, वाई, नाशिक येथील जुन्या वाड्यांत तळमजल्याच्या भिंती पाहिल्या, तर गिलावा फुगलेला, पोपडे सुटलेले आणि बोट लावतांच पांढरी भुकटी हातास लागते. जुनीं माणसें यास लोणा म्हणतात. गृहस्थ दिवाळीपूर्वीं गवंडी बोलावतो, तेवढा भाग खरवडून सिमेंट थापतो व वर तैलरंग देतो. दोन-तीन पावसाळे गेले कीं तोच डाग हातभर वर सरकलेला दिसतो. एवढ्या खर्चानें भिंतीचें अहितच झालेलें असतें.

वाड्याची भिंत म्हणजे दगडी जोत्यावर विटा, माती व चुना यांची सच्छिद्र रचना. वात तेल ओढते तशी ती जमिनींतील पाणी ओढते, बहुधा तीन फुटांच्या आसपास. त्या पाण्यांत मातीचे, मोरीचे, पूर्वींच्या गोठ्याचे क्षार विरघळलेले असतात. (बिहारांत नोनिया लोक अशाच खारट मातींतून तोफेच्या दारूचा सोरा काढीत, हें प्रसिद्ध आहे.) पाणी उडून जातें, क्षारांचे मात्र स्फटिक बनतात. सोडियम सल्फेट निर्जल अवस्थेंतून सजल अवस्थेंत जातांना सुमारें चौपट जागा व्यापतें. विटेच्या सूक्ष्म छिद्रांत असें वारंवार घडलें म्हणजे वीटच भुगा होऊं लागते.

चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊं देतो. क्षारांचा मारा तो स्वतः सोसतो, झिजतो, वीट वांचते. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट १८२४ सालचें. पेशवाईंतील गवंड्यांस तें ठाऊकच नव्हतें. त्याचा घट्ट गिलावा ओलीची वाट बंद करतो आणि कोंडलेलें पाणी आणखी वर चढतें. त्यांतून अनेक वाड्यांचा भार भिंतींत गाडलेल्या सागवानी खांबांवर असतो. त्यांचे बुंधे या ओलींत कुजतात, आणि वरून गुळगुळीत रंग असल्यामुळें घरांत कोणास पत्ता लागत नाहीं. पांढऱ्या डागाहून भय बाळगावें तें याचें.

म्हणून प्रथम पाणी कोठून येतें तें शोधावें. फुटकी पन्हळ, तुंबलेली मोरी, बाहेरच्या बाजूस जोत्याहून उंच चढलेली माती किंवा फरसबंदी, यांपैकीं एखादें कारण बहुधा सांपडतेंच. तें दूर केल्यावर सिमेंट जपून काढावें. भुकटी कोरड्या कुंचल्यानें झाडून घराबाहेर टाकावी. धुतल्यास ती विरघळून पुन्हां भिंतींतच शिरते. क्षार फार असल्यास कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यांत कालवून भिंतीवर थापावा व वाळल्यावर काढून टाकावा. वाळतांना तो क्षार ओढून घेतो. असें दोन-तीनदां करावें लागतें. मग धीर हवा. जाडीच्या दर इंचास एक महिना, असा भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब आहे. दीड फुटी भिंतीस दीड वर्ष लागलें तर गवंड्यास दोष देऊं नये. त्यानंतर गिलावा चुन्याचा आणि सफेतीही चुन्याचीच. प्लास्टिक रंग नको.

इतकें करूनही आषाढांत जुना डाग ओलसर दिसेल. हवेची आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांवर गेली म्हणजे बरणींतील मिठास पाणी सुटतें, तसेच भिंतींत उरलेले क्षार हवेंतील ओल शोषतात. दिवाळीपर्यंत डाग आपोआप सुकला, तर काळजी नको. वैशाखांतही तो ओला राहिला, तर मात्र मोरीची फरशी उखडून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं.